विश्रांतवाडी ते नगर: रस्त्यावरचे धडे

सहा वर्षांपुढे शाळा हवीच, हे शिक्षिका म्हणूनच सांगते. पण लहान मुलांचे बरेच धडे रस्त्यावर होतात. सुट्टीत सफरची दुआ पढून आम्ही विश्रांतवाडीहून नगरला (आता अहिल्यानगर) निघालो. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव अशा पाट्या वाचताना धाकटीची जोडाक्षरं पक्की झाली. शिरूरला घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, हेही तिला कळलं. सफरात जोहरच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. मग मगरिबच्या तीन तीनच का? हा तिचा प्रश्न इमामसाहेबांसाठी राखून ठेवला.

भुईकोट किल्ल्यात मात्र घाई करू नये. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू आणि मौलाना आझाद इथे कैदेत होते. ‘गुबारे खातिर’मधली पत्रं मौलानांनी इथेच लिहिली, त्यांत चहा आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्याही आहेत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कलकत्त्यात वारल्या.

“मग ते घरी का नाही गेले, अम्मी?”

“इंग्रज सरकारपुढे हात पसरायचा नव्हता त्यांना.”

“जनाज्यालापण नाही?”

परतताना शिरूरपर्यंत ती हेच विचारत होती.