माशी उजवीकडेच सरकवायची!

पाचही गोळ्या उजवीकडे! पण पाचही भोकं लिंबाएवढ्या जागेत. अकोल्याहून एनसीसीच्या शिबिराला अमरावतीला आले, पहिल्यांदा खरी रायफल हातात घेतली आणि त्या पाच भोकांनी मला जे शिकवलं, ते कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

रायफल होती जुनी ली-एन्फिल्ड. मूळची .३०३, दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश-भारतीय फौजांच्या खांद्यावर असलेल्या जातीची. तिच्यासारख्या कितीतरी रायफलींना पुढे .२२ ची नळी बसवून सरावासाठी आणलं गेलं. बोल्टचं डोकंही बदललं, कारण .२२ च्या काडतुसाला पिनेचा ठोका मध्यभागी नाही, कडेवर लागतो. बाकी अंग तेच: जाड लाकूड, पोलादाचं वजन आणि नळीच्या टोकाशी दोन कानांमध्ये जपलेली माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा खुंट.

"ट्रिगरला झटका बसतोय," सगळे म्हणाले. मी पुन्हा आडवी झाले, श्वास रोखला, हळूच बोट दाबलं. पुन्हा पाच, पुन्हा तिथंच! मग उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, स्वतः नेम धरला. त्यांच्याही गोळ्या उजवीकडेच. शस्त्रं दुरुस्त करणारे काका, आपल्या वऱ्हाडातलेच, रायफल डोळ्याशी नेऊन म्हणाले, "पोरी, तुया नेम बराबर हाये. माशीच सरकली."

त्यांनी दाखवलं. माशीच्या बुडावर आणि खालच्या ठोकळ्यावर मिळून एकच बारीक ओरखडा असतो. इथं त्याचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा डावीकडे, फार तर मिलिमीटरभर!

आणि आता ऐका. काकांनी माशी उजवीकडे ढकलली. गोळ्या उजवीकडे जाताहेत आणि माशीही उजवीकडे? मी चक्रावले. मग त्यांनी मागच्या खाचेतून बघायला लावलं. माशी उजवीकडे गेली, की ती पुन्हा खाचेच्या मध्यावर आणण्यासाठी आपण नळीचं तोंड डावीकडे वळवतो. नळी डावीकडे, गोळी डावीकडे! किती साधं, किती सुंदर! गोळ्या उंच जात असतील तर माशी उंच बसवायची, खाली जात असतील तर बुटकी. गोळी चुकते त्या बाजूला माशी न्यायची, बस्स.

रात्री वहीत हिशोब मांडला. खाच ते माशी अंतर सुमारे अर्धा मीटर, निशाण २५ मीटरवर, म्हणजे पन्नास पट. माशी एक मिलिमीटर सरकली, तर गोळी पाच सेंटीमीटर सरकते. माझी भोकं मध्यापासून तेवढीच दूर होती!

दुसऱ्या दिवशी त्याच रायफलीने पाच गोळ्या झाडल्या. पाचही निशाणाच्या मधल्या काळ्या गोलात. हात तोच, डोळा तोच, श्वास तोच.

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, नेम चुकला की लगेच हाताला दोष देऊ नका. आधी पाच गोळ्या एकाच पद्धतीने झाडा आणि भोकं बघा. विखुरलेली असतील तर सराव वाढवा. एकत्र असतील तर उस्तादांना बोलवा, माशी तपासायला सांगा. हातोडी मात्र जाणकाराच्याच हाती असू द्या.