मगरींच्या शेजारी बांधलेली नाव

आमच्या मालवणकडे पावसाळा जवळ आला, की होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, वर झावळ्या घालतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत निवांत राहतात. फ्लॉरिडातल्या माझ्या भाच्याला मी हाच उपाय सुचवला, तेव्हा तो हसला. "मामा, हिच्या तळाला शिशाचं वजन आहे. क्रेनवाचून ही हलायची नाही, आणि क्रेनपाशी रांग लागलीय."

ही गोष्ट सप्टेंबर २०१७ ची. 'अर्मा' चक्रीवादळ येत होते. राज्यात सुमारे ६५ लाख लोकांना घरे सोडण्याचे हुकूम निघाले होते. भाच्याची शिडाची नाव फोर्ट मायर्सला, कलूसाहॅची नदीच्या मुखाकडे. जुनीपुराणी घेऊन सहा वर्षांचे रविवार त्याने तिच्यावर खर्ची घातले होते.

वादळात समुद्र नदीच्या मुखातून आत घुसतो. म्हणून नाव वर न्यायची. फ्रँकलिन लॉकचे दरवाजे बंद होण्याआधी आम्ही ते ओलांडले आणि लाबेल गावाच्या अलीकडे नदीच्या एका जुन्या वळणात शिरलो. नदी खोदून सरळ केली, तेव्हा अशी वळणे बाजूला पडली. पाणी संथ, काठाला भक्कम ओकवृक्ष. जागा नामी होती; फक्त तिथे आधीचे रहिवासी होते. मगरी!

या मगरी म्हणजे ॲलिगेटर. तोंड रुंद, जबडा मिटला की खालचे दात दिसत नाहीत. माणसाच्या हातचे खायची सवय लागली, की त्यांची भीड चेपते. म्हणून त्यांना खाऊ घालणे तिथे गुन्हा आहे. दोर झाडांना बांधायला भाचा छोट्या होडीतून काठावर गेला. एक मगर दोन डोळे पाण्यावर ठेवून बघत होती. मग ती बुडाली, आणि माझी खरी भीती तेव्हा सुरू झाली!

शिडे उतरवली, दोन नांगर टाकले, आठ दोर बांधले. दोर नायलॉनचे, ताण आला की लांबणारे. जिथे घासतील तिथे आगीच्या बंबाच्या जुन्या नळीचे तुकडे चढवले. मी एक दोर खेचून घट्ट केला, तर त्याने तो सैल केला. "पाणी चढेल, मामा. तिला वर यायला जागा हवी."

संध्याकाळी मात्र तो म्हणाला, "मी इथंच थांबतो. दोर तुटला तर?"

"तर त्या वाऱ्यात तू हातांनी काय धरणार? आणि तुझ्या आईला मी काय सांगू?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग नावेचे कागद पिशवीत घालून निमूटपणे उतरला.

१० सप्टेंबरला सकाळी वादळ कजो की बेटावर आणि दुपारी मार्को आयलंडवर धडकले. तिथून ते आमच्याकडे वळले. ती रात्र आम्ही एका शाळेच्या बोळात, शेकडो अनोळखी माणसांबरोबर बसून काढली. भाचा डोळे मिटून होता, पण झोपला नव्हता.

तिसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली. नाव होती! कठडा फांदीने वाकला होता. पण पाणी चढले तशी तीही वर आली होती. पलीकडे मगर ऊन खात पडली होती.

आठांपैकी एकच दोर तुटला होता. तो मीच, भाच्याची नजर चुकवून, पुन्हा घट्ट केला होता. हे मी त्याला आजवर सांगितलेले नाही. हा अंक त्याच्या हाती पडला, तर कळेलच!