थरथर नसलेली चूक

सेन्सरचा आकडा थरथरत असेल तर मी निश्चिंत असतो. तो गोंगाट असतो. सरासरी काढली, फिल्टर लावला की आटोक्यात येतो. धास्ती वाटते ती शांत, ठाम आणि चुकीच्या आकड्याची. चुंबकीय ट्रॅकिंगमध्ये गाठ पडते ती त्याच्याशीच.

२०१८ च्या 'मॅजिक लीप वन' या मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हेडसेटमध्ये हातातला कंट्रोलर असाच शोधला जाई. कंट्रोलरमध्ये परस्परांना काटकोनात असलेल्या तांब्याच्या तारेच्या कॉइल चुंबकीय क्षेत्र निर्माण करत, हेडसेटच्या कडेच्या कॉइल ते टिपत. तीन दिशांची क्षेत्रं, ती टिपणाऱ्या तीन दिशा. एकूण नऊ आकडे. त्यांतून हात कुठे आहे आणि कसा वळला आहे, या सहा गोष्टी काढायच्या. यातली मोठी सोय म्हणजे शरीर आड येत नाही. हात पाठीमागे नेला तरी तो सापडतो. मात्र अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं.

खरा वैरी धातू. बदलत्या क्षेत्रामुळे धातूत एडी करंट फिरू लागतात आणि स्वतःचं क्षेत्र उभं करतात. त्यामुळे लोहचुंबकाला न चिकटणारं अ‍ॅल्युमिनियमसुद्धा घोळ घालतं. टेबलावर लाकडी पट्टीच्या कडेने कंट्रोलर सरळ सरकवला, की खाली लोखंडी पाय असेल तिथे पडद्यावरची रेघ फुगते. पुन्हा सरकवा, तिथेच आणि तेवढीच फुगते. पढवलेल्या साक्षीदारासारखी, जबानीत जराही फरक नाही. हेडसेटमधला स्वतःचा धातू कायम सोबत असतो, त्याचा परिणाम एकदा मोजून वजा करता येतो. खोलीतल्या धातूचा हिशेब मात्र दर खोलीत नवा.

असा चुकीचा आकडा ओळखायला आधार दोन. एक, जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर: हात वळलाच नाही असं ते सांगत असताना कॉइल वळल्याचं सांगत असतील, तर कॉइलवरचा भरवसा कमी करायचा. दुसरा, सहा अज्ञातांना नऊ आकडे असल्याने उरणारी तफावत. ती वाढली की धातूचा संशय घ्यायचा. कधी कधी मात्र बिघडलेलं क्षेत्रही गणितात चपखल बसतं आणि तफावत काहीच बोलत नाही.

२०२२ च्या 'मॅजिक लीप २' मध्ये कॉइलऐवजी कंट्रोलरवर कॅमेरे आले. कॅमेरा झाकला गेला तर निदान ते लगेच लक्षात येतं. म्हणून नवा सेन्सर हाती आला की अचूकता किती, हे मी नंतर विचारतो. तो चुकला हे कशावरून कळेल, हे आधी.