जोगवा, नटरंग की सैराट?

मधल्या सुट्टीत आमचा नेहमीचा वाद निघाला. अजय-अतुलचं सगळ्यात भारी काम कोणतं? एक सर म्हणाले, "जोगवा. संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार काय उगीच मिळाला?" मॅडम नटरंगवर अडून बसल्या, २०१० पासून एकही स्नेहसंमेलन त्यातल्या लावणीशिवाय गेलं नाही म्हणे. मी सैराटवाला. गाणी चारच, पण वाद्यवृंद थेट अमेरिकेत जाऊन रेकॉर्ड केलेला!

तोच वाद चौथीच्या वर्गात नेला. अट एकच : मत सांगायचं आणि 'कारण' लावून वाक्य पूर्ण करायचं. बहुतेक लेकरं सैराटची. कारण? "नाचायला येतं, सर!"

घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी आहे. (आपल्या देगलूरात अशी घरं बरीच.) वर्षभर तिनं वर्गात मराठीतून एक पूर्ण वाक्य बोललं नव्हतं. ती उठली.

"जोगवा. कारण माझी आजी रडते."

"का गं रडते?"

"माहीत नाही, सर. तिला मराठी येत नाही."

फळ्यावर मी आधीच मोठ्या अक्षरात 'सैराट' लिहून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. संध्याकाळी घरी जाऊन जोगवाची गाणी मात्र पहिल्यापासून ऐकली.