गाडीचें दुखणें



जुनी गाडी घेणारा मनुष्य रंग पाहतो, आसनें चाचपतो, चाकांची झीज न्याहाळतो. इंजिनाचा आवाज मात्र बहुधा दुपारीं, सपाट रस्त्यावर ऐकतो. गतवर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरीं आलेली तीन सिलिंडरची, कार्बुरेटरवर चालणारी जुनी व्हॅन अशी ऐकली असतां अगदीं निर्दोष होती. आणि तो आवाज खोटाही नव्हता.

माझ्या वडिलांना आठवड्यांतून दोनदां, सकाळीं लवकर, मालवणाहून ओरोस येथें उपचारासाठीं न्यावें लागतें. एस. टी.च्या गर्दींत त्यांना उभें करणें आतां शक्य नाहीं, म्हणून ती घेतली. पहिल्याच आठवड्यांत, भर पावसांत, कुंभारमाठचा चढ लागतांच गाडी आचके देऊं लागली. ‘मिसिंग मारते’ असें यास गॅरेजांत म्हणतात. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दारावरील मूठ दोन्हीं हातांनीं घट्ट धरली. दुपारीं परत येतांना वाटेंतील सारे चढ तिनें तक्रार न करतां काढले!

गॅरेजें उघडतात दहाच्या सुमारास. तोंपर्यंत इंजिन तापलेलें, आणि दुखणें पळालेलें. एका ठिकाणीं सांगितलें, इंजिन खोलून बोअर करावें लागेल. दुसऱ्या ठिकाणीं कार्बुरेटर बदलण्याचा सल्ला मिळाला. पहिला खर्च गाडीच्या किंमतीच्या निम्म्याजवळ जाणारा होता. दोघेही अप्रामाणिक होते असें मी म्हणणार नाहीं. पण रोग्याची नाडी त्यांपैकीं कोणींच पाहिली नव्हती. बरें, तशीच चालवावी म्हटलें तर तेंही घातक. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुवून नेतें, आणि मग ज्या झिजेची भीति घालण्यांत आली ती खरोखरच ओढवते.

शेवटीं कुडाळास गाड्या दुरुस्त करणारा आमचा एक माजी विद्यार्थी भेटला. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेंत त्याला चाळीसाच्या वर गुण कधीं मिळाले नव्हते. “सर, इंजिन कित्याक खोलूचा? आदी खयचो सिलिंडर निजलोहा तो बघूया,” असें म्हणून त्यानें एकच अट घातली: तो येईपर्यंत गाडी सुरू करावयाची नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचाला, भुरभुर पावसांत, तो दारांत हजर!

प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचें योग्य मिश्रण, तें दाबून धरण्याची शक्ति, आणि नेमक्या क्षणीं ठिणगी. ऑटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं यशस्वी केलेल्या चार धावांच्या पद्धतींत दर दोन फेऱ्यांस एकदां स्फोट होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत संथ फिरत असतां प्रत्येक सिलिंडरांत सेकंदाला साडेसात स्फोट. त्यानें रबरी मोजे घालून प्लगची एकेक वायर काढून पाहिली. (मुलांनीं हें करावयाचें नाहीं, त्या वायरींत दहा हजारांहून अधिक व्होल्ट असतात.) पहिली काढतांच इंजिन मरगळलें, तिसरी काढतांच तसेंच. दुसरी काढली, आणि आवाजांत तिळमात्र फरक पडला नाहीं. निजलेला सांपडला.

मग त्यानें पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसांत बदलले. दुसरा निजलेलाच, तेव्हां प्लग निर्दोष. दाबमापक लावला, तर तिन्हींचा दाब जवळजवळ सारखा. तेव्हां बोअरचा प्रश्नच मिटला. कार्बुरेटर तर तिघांना एकाच हातानें वाढणारा. तो एकट्या दुसऱ्यालाच कसा उपाशी ठेवील? प्रत्येक वेळीं तो एकच वस्तु बदलीत होता आणि पुन्हां ऐकत होता.

उरली ठिणगी. त्यानें माझ्या पत्नीकडून कुंड्यांवर पाणी फवारण्याची बाटली मागून घेतली, दिवा मालवावयास सांगितलें आणि वायरींवर हलका तुषार सोडला. अंधारांत दुसऱ्या वायरीच्या मध्यापासून इंजिनाच्या लोखंडाकडे एक निळसर धागा तडतडत उडूं लागला. वायर एका चिमट्यावर घासून तिला केंसाएवढी चीर पडली होती.

यांत आमच्या किनाऱ्याचाही हात आहे. खाऱ्या वाऱ्यानें सर्व वस्तूंवर मिठाचा सूक्ष्म थर बसतो. कोरडें मीठ वीज वाहून नेत नाहीं. ओलें झालें कीं नेतें. म्हणून सकाळीं दुखणें, आणि इंजिनाच्या उष्णतेनें ओल सुकली कीं आराम. आणि चढावरच कां? चढावर पेट्रोलचा पाय दाबला कीं सिलिंडरांत अधिक मिश्रण शिरतें, दाब वाढतो, आणि दाबलेल्या वायूंतून प्लगच्या फटीवर उडी घेणें ठिणगीस जड जातें. मग ती चिरेची सोपी वाट धरते.

वायरींचा नवा संच साडेचारशे रुपयांत आला. मजुरी त्यानें चोख मागून घेतली, आणि मला तें आवडलें. त्या आठवड्यांत कुंभारमाठच्या चढावर वडिलांनीं मूठ धरली नाहीं. पलीकडच्या काजूच्या बागेंत कोणी नवें कुंपण घातलें आहे, हें त्यांनींच मला दाखविलें.

जुनी वायर प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविली आहे. भिंगाखालीं धरल्यास चिरेच्या कडेनें जळल्याची काळसर रेघ स्पष्ट दिसते. कपाटाची किल्ली शिपाईमामांजवळ असते.