शेवटच्या आठवड्यातली दुरुस्ती

पोहरादेवी, रात्र.

आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आठवड्यावर आलंय. दुरुस्त्यांची यादी मोठी आहे आणि जो तो म्हणतो, 'एकच ओळ आहे, घेऊन टाका.' पण ओळ किती, हा प्रश्नच नाही. ती चुकली तर काय मोडेल, हे पाहायचं. मूळ दोषामुळे डेटा पुसला जात असेल, सुरक्षेला भगदाड पडलं असेल किंवा आधी चालणारं आता बंद पडलं असेल, तरच ती घ्यायची. बटणाचा रंग, जुनी किरकोळ चूक पुढच्या खेपेला.

लिनक्स कर्नलची शिस्त मला म्हणूनच पटते. नव्या गोष्टींना दोन आठवडे. पुढे सात-आठ आठवडे मुख्यतः दुरुस्त्याच. 2025ची रामनवमी 6 एप्रिलला होती, म्हणजे आमच्याकडे सेवालाल महाराजांची यात्रा. त्याच तारखेला लिनक्स 6.15चा आरसी-1 (पहिली चाचणी-आवृत्ती) निघाला आणि नव्या कोडला दार बंद झालं. 25 मे रोजी, अगदी ऐनवेळी, एक दोष कळला. तेव्हा एक नवी सोयच बंद केली गेली आणि आवृत्ती काही तास उशिरा बाहेर पडली.

मला हाच मार्ग बरोबर वाटतो. शंका असलेली दुरुस्ती थांबवा, पण ज्यानं ती लिहिली त्याला कारण नीट सांगा. तेवढा त्याचा हक्क आहे.