वालूरची बारव

संक्रांतीच्या सुमारास सेलूहून वालूरला निघालों, तेव्हां दोहों बाजूंच्या काळ्या रानांत ज्वारीचीं कणसें भरत आलीं होतीं आणि बायका शेवटचा कापूस वेंचीत होत्या. परभणी जिल्ह्यांतील हें गांव बाहेरच्यांस फारसें ठाऊक नाहीं. गांवच्या नांवाचा संबंध तेथील लोक वाल्मीकि ऋषींशीं जोडतात. मला मात्र तेथें ओढून नेलें तें एका बारवेनें.

तिच्या पायऱ्या सरळ न उतरतां शंखाच्या वळशाप्रमाणें फिरत फिरत खालीं जातात. पाणी जेथवर असेल तेथवर माणसानें दोर-पोहऱ्यावांचून चालत जावें, ही बारवेची मूळ कल्पना. श्रावणांत चार पायऱ्या उतरल्या कीं घागर भरे. वैशाखांत पार तळाशीं जावें लागे.

परंतु अशा विहिरींची हीच सोय घातक ठरली. नारूनें पीडलेला मनुष्य पाण्यांत पाय घाली. जखमेंतून सूक्ष्म कृमि पाण्यांत उतरत, बारीक जलकीटकांच्या पोटीं वाढत, आणि तेंच पाणी सारें गांव पीत असे. आमच्या आजीच्या घोट्यावर नारूचा वण होता. त्यामुळें घरीं नळ आल्यावर वडिलांनीं वाड्यामागची पायविहीर बुजविली, तेव्हां कोणीही हळहळलें नाहीं. पुढें २००० सालीं भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर झालें. रोग गेला, पण तोंवर ठिकठिकाणच्या बारवांत पाण्याऐवजीं केर सांचूं लागला होता.

वालूरची बारवही अशीच गाळानें आणि झुडपांनीं भरून गेली होती. अलीकडे गांवकऱ्यांनींच अंग मोडून ती मोकळी केली. मीं पायऱ्या उतरूं लागलों, तसतसा वरचा उकाडा आणि गलबला मागें राहिला. मधल्या एका पायरीवर एक वृद्ध शेतकरी विसावला होता. मीं सहज विचारलें, "आजोबा, आतां नळ असतां हा एवढा खटाटोप कशासाठीं?"

तो म्हणाला, "आवो सायेब, घाण आमीच टाकली व्हती. मंग काढायला दुसरं कोन येनार?"

या उत्तरानें मी निरुत्तर झालों. वडिलांचें चुकलें असें मी आजही म्हणणार नाहीं. आजीचा वण मीं पाहिला आहे. परंतु त्यांनीं विहीर भीतीपोटीं बुजविली; भीतीचें कारण नाहींसें झाल्यावर ती पुन्हा उघडण्याचें काम आमचें होतें, आणि तें आम्हांस एकदांही आठवलें नाहीं. त्या जागेवर आतां आमची मोटार उभी असते.

घरीं आल्यावर रात्रीं जेवतांना दादांस एवढेंच विचारलें, "मोटार पुढच्या अंगणांत उभी केली तर चालेल का?"

दादांनीं माझ्याकडे रोखून पाहिलें. कारण त्यांनीं विचारलें नाहीं. पण नाहींही म्हणाले नाहींत.